साहेब, निष्ठा पीएची तपासताय, पण ऑफिसचं काय?

प्रति,
ज्यांच्या मागे एक पाऊल सोडून एखादा पीए उभा असतो अशा सगळ्या नेत्यांना, पक्ष कुठलाही असो, खुर्ची लहान असो नाहीतर मोठी

नमस्कार साहेब,

(ताई असाल तर ताई, दादा असाल तर दादा, तुमचा पीए जे म्हणतो तेच धरा)

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल की नाही याची मला अजिबात काळजी नाही, कारण तुमच्याकडे येणारा प्रत्येक कागद आधी माझ्यासारखाच कुणीतरी उघडतो आणि तोच ठरवतो की हे साहेबांच्या टेबलावर ठेवायचं की खालच्या ड्रॉवरमध्ये सरकवायचं, आणि हा कागद वाचल्यावर तो वरच ठेवणार. फार तर म्हणेल, साहेब सगळीकडे फिरतंय हे, एकदा नजर टाकून घ्या.

मी स्वतः पीए आहे, बरीच वर्षं. कुणाचा ते सांगणार नाही आणि तुम्हीही शोधत बसू नका, कारण यातलं बरंचसं तुमच्या ऑफिसातही जसंच्या तसं घडलेलं असणार.

तर विषय असा की पीएच्या घरी काही संकट आलं रे आलं की त्याची निष्ठा तपासायला सुरुवात होते. म्हणजे कुणी समोर बसवून तपासत नाही, पण सगळं मोजलं जातं. आईला ॲडमिट केलंय, तरी फोन उचलला का, कितव्या रिंगला उचलला, सभेला आला का, आला तर तोंड पाडून बसला होता का, आणि दोन दिवस नाही आला तर त्या दोन दिवसांत नेमका कुणाकुणाला भेटला. पास झाला की तुम्ही चार लोकांत कौतुक करता, "आमचा हा, वडील आयसीयूत होते तरी निवडणूक सोडली नाही पठ्ठ्याने", आणि तो मागे उभा राहून कसनुसं हसतो. मी हसलोय असं, म्हणून माहितीये. त्या हसण्यात अभिमान किती आणि लाज किती हे ज्याचं त्यालाच कळतं.

आणि मग हमखास येतं ते कोंढाण्याचं वाक्य. आधी लगीन कोंढाण्याचं मग माझ्या रायबाचं. रजा मागायला गेलेल्या माणसाला हे ऐकवायची जी पद्धत पडलीये ना तिच्यावर मला थोडं बोलायचंय. एक तर हे वाक्य तानाजींच्या तोंडी आहे, महाराजांच्या नाही. लग्नाचं आमंत्रण घेऊन आलेल्या माणसाला महाराजांनी हे सुनावलं असं कुठल्याच गोष्टीत नाहीये, ते तानाजी स्वतःहून म्हणाले. तुम्ही मात्र तानाजींचं वाक्य महाराजांच्या खुर्चीत बसून बोलता, तिथेच अर्थ उलटा होतो. दुसरं म्हणजे गोष्ट तिथे संपत नाही. फेब्रुवारी १६७० मध्ये त्या रात्री तानाजी पडले, मावळे मागे फिरायला लागले, तेव्हा सूर्याजी होता, त्याने दोर कापले आणि माघारी पळणाऱ्यांना परत लढायला लावलं म्हणून गड आला. म्हणजे मुख्य माणूस पडला तरी काम पुढे नेणारा दुसरा माणूस तिथे हजर होता, त्याला दोर कुठे आहेत ते माहिती होतं, काय करायचं ते माहिती होतं आणि लोक त्याचं ऐकत होते. आणि तिसरं, रायबाचं लग्न पुढे महाराजांनी स्वतः लावून दिलं असंही आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ही सगळी गोष्ट सोडून तुम्ही फक्त पहिलं वाक्य उचललंत.

आता मला सांगा, तुमच्या ऑफिसात सूर्याजी कोण आहे?

कुणीच नाही. मी खात्रीने सांगतो, दहातल्या नऊ ऑफिसांत कुणीच नाही. तुमचे सगळे पासवर्ड एका माणसाकडे, सगळे ग्रुप त्याच्या मोबाईलवर, कोणत्या अधिकाऱ्याशी गोड बोलायचं आणि कुणाशी जरा आवाज चढवून बोलायचं ते त्याच्या डोक्यात, कोणत्या कार्यकर्त्याचं कोणत्या कार्यकर्त्याशी बोलणं बंद आहे आणि कुणाला स्टेजवर कुणाशेजारी बसवायचं नाही तेही त्याच्याच डोक्यात, तुमच्या गोळ्यांची वेळसुद्धा. भाषणात आकडा चुकला तर चिठ्ठी तोच देतो, उशीर झाला तर खोटं कारण तोच सांगतो, आणि तुम्ही रागावलात की तुमच्या वतीने सॉरीही तोच म्हणतो. यातलं कागदावर काहीही नाही. कित्येकदा तो स्वतःच कागदावर नसतो, ना हजेरीपटावर ना पगारपत्रकावर, साहेबांचा माणूस एवढीच त्याची पोस्ट. आणि मग एक दिवस त्याच्या घरून फोन येतो आणि सगळं ऑफिस ठप्प होतं, आणि ते ठप्प झालं याचा राग तुम्हाला त्याच्यावर येतो. बसवायला हवी होती ती व्यवस्था तुम्ही बसवली नाहीत, तिची सगळी भरपाई तो एकटा स्वतःच्या घरच्यांच्या वाट्याची वेळ घालून करतोय, आणि तुम्ही त्याला निष्ठा म्हणून टाळ्या वाजवताय.

आजारपणाचं तरी बरं म्हणायचं, निदान कुणी वाईट म्हणत नाही. खरी कसोटी लागते ती घरचं माणूसच वादात सापडतं तेव्हा. माझं तेच झालं, थोडक्यात सांगतो.

माझे दाजी, मोठ्या बहिणीचे मिस्टर, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या एका स्कीममध्ये भागीदार होते. ती बुडाली. बुडाली की बुडवली ते कोर्ट ठरवेल, केस चालू आहे, मी त्यावर बोलणार नाही. पण पैसे अडकलेली माणसं निवेदन घेऊन आमच्याच ऑफिसला आली, साहजिकच, लोकप्रतिनिधीकडे नाही येणार तर कुठे जाणार, आणि निवेदन स्वीकारायला रोजच्यासारखा मीच खुर्चीवर. निवेदनात दुसऱ्याच ओळीत दाजींचं नाव. मी आवक नंबर टाकला, शिक्का मारला, पोच दिली, पाणी विचारलं. त्यातल्या एक आजी माझा हात धरून म्हणाल्या, तुम्ही घरच्यासारखे आहात, तुम्हीच बघा आता. त्यांना काय माहिती मी कुणाच्या घरचा ते.

साहेब म्हणाले प्रेस नोट काढ, कडक शब्दांत. काढली. दोषी कितीही मोठा असला तरी गय केली जाणार नाही वगैरे जे आपण नेहमी लिहितो तेच लिहिलं, फक्त त्या दिवशी प्रत्येक शब्द टाईप करताना बहिणीचा चेहरा दिसत होता. संध्याकाळी तिचा फोन. रडली नाही, ओरडली पण नाही, एवढंच म्हणाली की तू इतकी वर्षं तिथे राबतोयस, जगासाठी फोन करतोस, आमच्यासाठी एक होत नाही तुझ्याच्याने?

आणि खरी गंमत पुढेच आहे. हे साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा साहेब चिडले नाहीत, उलट खांद्यावर हात ठेवून म्हणाले, अरे तुझा दाजी म्हणजे आपलाच माणूस, आधी नाही का सांगायचं, टाकतो एक फोन, बघू काय होतंय.

बाहेरच्या माणसाला वाटेल किती मोठ्या मनाचा नेता. आणि साहेब मनाने मोठे आहेतच, त्यात खोटं नाही. पण मी त्या ऑफिसात एक एक्सेल शीट सांभाळतो. तुमच्याही पीएकडे असणार, कुणाकडे डायरी असेल. कुणाचं काय काम केलं, कुणासाठी कुणाला फोन टाकला, तारीख, आणि शेवटचा कॉलम शेरा. त्या शेऱ्यात काय लिहितात तुम्हाला माहितीये, मला पण माहितीये. निवडणूक आली की ती शीट उघडते आणि एकेकाला फोन जातो, काय म्हणता, विसरला नाही ना. माझ्या बहिणीचं नाव त्या शीटमध्ये कुणी भरलं असतं? मीच भरलं असतं.

आणि मुद्दा फक्त बहिणीचा नाही. तो फोन झाला असता तर त्या आजींचं काय, ज्यांना मी पोच दिली होती. आणि त्यानंतर मी साहेबांना कुठल्याही गोष्टीला नाही म्हणू शकलो असतो का? साहेब हे पत्र काढू नका अंगाशी येईल, साहेब या माणसाला जवळ करू नका, हे आकडे चुकीचे आहेत बोलू नका, हे सांगणं हेच तर माझं काम. बाकी फोन उचलणं आणि गाडी बोलावणं कुणीही करेल. ज्याच्या दाजीला तुम्ही पोलीस स्टेशनला फोन करून वाचवलंय तो पीए तुम्हाला नाही म्हणणार नाही, कधीच नाही, आणि ज्या दिवशी पीए नाही म्हणायचं सोडतो त्या दिवसापासून तुमचं खाली घसरणं चालू होतं, हे मी कितीतरी नेत्यांचं बघितलंय.

म्हणून मी म्हणालो, साहेब फोन नको. फक्त हा विषय काही दिवस माझ्याकडून काढून दुसऱ्या कुणाकडे द्या, निवेदनं त्याने घ्यावीत, प्रेस नोट त्याने काढावी, मला त्यातलं काही कळू पण देऊ नका.

एवढंच मागितलं होतं. न्यायाधीशसुद्धा नातेवाइकाचं प्रकरण समोर आलं की बाजूला होतात, ते बाजूला झाले म्हणून कुणी त्यांची निष्ठा काढत नाही. पण साहेबांचा चेहरा उतरला. मी मदत नाकारली म्हणजे मी त्यांना परकं मानलं, आणि विषय सोडायला मागितला म्हणजे मी हात झटकतोय, असा दुहेरी अर्थ निघाला. दुसऱ्या दिवसापासून आतल्या मीटिंगला बोलावणं कमी झालं. ड्रायव्हरला विचारणा होऊ लागली की हा घरी जाताना कुठे थांबतो का. ड्रायव्हर बिचारा माझ्यापाशी येऊन सांगून गेला, भाऊ असं असं विचारत होते, मी म्हटलं थेट घरी जातो. आणि विषय द्यायला दुसरा माणूस होता कुठे? शेवटी फिरून तो माझ्याकडेच आला. बहिणीशी आता बोलणं आहे, पण तब्येत कशी आणि पोरं कशी एवढंच.

माझं पुरे. हे काही मला एकट्याला झालेलं नाही, फार मोठमोठ्या माणसांनाही झालंय.

महादेवभाई देसाई घ्या. १९१७ पासून गांधीजींचे सचिव, पत्रव्यवहार, टिपणं, भाषांतरं, भेटीगाठी, सगळं एका माणसाच्या अंगावर. १९३८ साली ओरिसात असताना कस्तुरबा आणि महादेवभाईंच्या पत्नी दुर्गाबेन पुरीच्या जगन्नाथ मंदिरात दर्शनाला गेल्या. त्या मंदिरात तेव्हा हरिजनांना प्रवेश नव्हता आणि गांधीजी तर अशा मंदिरात पाऊल ठेवू नका म्हणून देशभर सांगत फिरत होते. गांधीजींना हे कळल्यावर ते इतके अस्वस्थ झाले की त्यांचा रक्तदाब वाढला, आणि ठपका कुणावर, तर महादेवभाईंवर, की तू या बायकांना नीट समजावून का सांगितलं नाहीस. मंदिरात गेल्या दोन मोठ्या, स्वतःच्या मनाच्या बायका, त्यातली एक तर खुद्द बापूंची बायको, आणि जाब विचारला सेक्रेटरीला! महादेवभाई इतके दुखावले की मला मोकळं करा म्हणाले.

आता इथे मी गांधीजींची बाजू घेणार नाही, मला तो ठपका अन्यायाचा वाटतो. पण पुढे काय झालं ते बघा. गांधीजींनी त्यांना सोडू दिलं नाही, आणि महादेवभाईंनी ही सगळी गोष्ट, स्वतःच्या दुखावल्या मनासकट, हरिजन साप्ताहिकात छापली. गांधीजींच्याच पत्रात! साहेबांशी झालेलं भांडण साहेबांच्याच पेपरात सेक्रेटरीने लिहायचं आणि साहेबांनी ते छापू द्यायचं, आजच्या कुठल्या ऑफिसात चालेल हे? आमच्याकडे तर साहेबांच्या फेसबुक पोस्टला लाईक उशिरा केला तरी विचारतात. महादेवभाई शेवटी १५ ऑगस्ट १९४२ ला आगाखान पॅलेसच्या कैदेतच वारले, अटक होऊन आठवडाही झाला नव्हता, वय अवघं ५०. दुर्गाबेन तिथे नव्हत्या. महादेवभाईंच्या निष्ठेबद्दल भाषणं खूप होतात, दुर्गाबेनबद्दल कुणी बोलताना मी तरी ऐकलं नाही.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे अगदी जवळचे सल्लागार हॅरी हॉपकिन्स होते. १९३७ मध्ये बायको कॅन्सरने गेली, त्याच वर्षी स्वतःच्या पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, मागे लहान मुलगी. १९४० च्या मे महिन्यात रूझवेल्टनी त्यांना रात्री व्हाईट हाऊसमध्येच ठेवून घेतलं ते पुढे तीन साडेतीन वर्षं तिथेच राहिले, मुलीकडे मिसेस रूझवेल्टनी लक्ष दिलं. ऐकायला किती छान. पण पुढे पुन्हा लग्न झाल्यावर १९४३ च्या शेवटी हॉपकिन्स बायकोमुलीला घेऊन स्वतःच्या घरी राहायला गेले आणि तेव्हापासून त्यांच्यातली आणि रूझवेल्ट यांच्यातली जवळीक कमी झाली असं त्यांच्यावर लिहिणारे सांगतात. म्हणजे संकटात घर दिलं, पण माणूस स्वतःचं घर मांडायला निघाला की खटकलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, फेब्रुवारी १९४४ मध्ये, त्यांचा १८ वर्षांचा मुलगा पॅसिफिकमध्ये लढताना मारला गेला.

रूझवेल्ट यांच्याच सेक्रेटरी होत्या मिसी लेहँड. १९४१ मध्ये त्यांना स्ट्रोक आला, परत कामावर येणं जमलं नाही. रूझवेल्टनी औषधपाण्याचा खर्च केला आणि मृत्युपत्र बदलून आपल्या इस्टेटीच्या उत्पन्नातला अर्धा वाटा त्यांच्या उपचारासाठी ठेवला. अर्धा! बाकीचा अर्धा बायकोला. यावर मला काही टोमणा मारायचा नाहीये, उलट हे मला आवडतं, कारण हे लिहून ठेवलं होतं, मनात आलं तर देईन असं नव्हतं. आणि मिसींच्या जागी काम बघायला ग्रेस टली आधीपासून ऑफिसात होत्याच.

आता तुम्ही म्हणाल की बरं, मग पीएच्या घरच्या अडचणीत नेत्याने ठामपणे मागे उभं राहायचं, एवढंच ना? तर तसंही नाही. ठामपणे मागे उभं राहणं कधीकधी भलतंच महागात पडतं आणि ते लोकांना फेडावं लागतं. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये लॉकडाऊन असताना पंतप्रधान जॉन्सन यांचे मुख्य सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज बायको आजारी पडली आणि आपणही पडलो तर लहान मुलाला कोण सांभाळणार म्हणून लंडनहून चारशे किलोमीटर लांब डरहॅमला आईवडिलांच्या शेतावर गेले. बाप म्हणून मला ते समजतं, खरंच समजतं. पण त्याच दिवसांत सरकारने घरात बसा म्हणून सांगितलेल्या लोकांनी आपल्या माणसांच्या अंत्यविधीलासुद्धा जायचं टाळलं होतं. मे महिन्यात बातमी फुटली, कमिंग्जनी पंतप्रधानांच्या बागेत टेबल मांडून खुलासा केला, जॉन्सन शेवटपर्यंत पाठीशी राहिले, माफीचा शब्द नाही. लोकांचा जो विश्वास उडाला तो उडालाच. आणि एवढी पाठराखण करून मिळालं काय? नोव्हेंबरमध्ये कमिंग्ज बाहेर, आणि मे २०२१ मध्ये ते खासदारांच्या समितीसमोर तासन्‌तास बसून जॉन्सन यांच्याविरुद्ध बोलत होते.

अमेरिकेत हिलरी क्लिंटन यांच्या जवळच्या सहायक हुमा अबेदिन यांचं याच्या उलट. हुमांच्या नवऱ्याची लफडी २०११ मध्ये बाहेर आली, परत २०१३ मध्ये, परत २०१६ मध्ये, प्रत्येक वेळी लोक विचारत होते की या अजून कशा काय तिथे, आणि हिलरींनी त्यांना सोडलं नाही. मग २८ ऑक्टोबर २०१६ ला, हिलरी अध्यक्षपदाला उभ्या आणि मतदान ११ दिवसांवर असताना, हिलरींच्या ईमेलच्या चौकशीशी संबंध असू शकेल असे ईमेल हुमांच्या नवऱ्याच्या लॅपटॉपवर सापडले म्हणून एफबीआयच्या प्रमुखांनी संसदेला पत्र लिहिलं. मतदानाच्या दोन दिवस आधी तपासात नवीन काही निघालं नाही असं त्यांनी सांगितलंही, पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. यात हुमांची निष्ठा कमी पडली का? नाही. हिलरींची कमी पडली का? तीही नाही. दोघींची एकमेकींवरची निष्ठा शंभर टक्के होती आणि तरी गाडी रुळावरून गेली, कारण कामाची कागदपत्रं आणि घरचा लॅपटॉप वेगळे ठेवणं हे निष्ठेचं काम नाही, साध्या शिस्तीचं काम आहे. हेच मी मघापासून सांगतोय. ज्या गोष्टी नियमाने, रजेने, दुसऱ्या माणसाने, कुलपाने होतात त्या तुम्ही निष्ठेवर सोडता.

आणि घरासाठी जो सोडून जातो तो फितूर, ही समजूत तर आधी काढून टाका. विल्यम गॅल्स्टन नावाचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांचे धोरण सल्लागार १९९५ मध्ये नोकरी सोडून गेले, कारण त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाने बापाला कळवलं की टाळ्या वाजवायला तुम्ही नसाल तर खेळण्यात मजा नाही. योगायोग बघा, क्लिंटन यांनी अध्यक्ष झाल्यावर सही केलेला पहिलाच कायदा, फेब्रुवारी १९९३ चा, घरच्यांच्या गंभीर आजारपणात १२ आठवड्यांची बिनपगारी रजा देणारा होता. कायदा केला म्हणून अध्यक्षांच्या ऑफिसातला माणूस घरी लवकर जायला लागला असं मात्र झालं नाही. नंतरचे अध्यक्ष बुश यांच्या सल्लागार कॅरन ह्यूज २००२ मध्ये, ऐन भरात असताना, नवऱ्याला आणि मुलाला वॉशिंग्टन मानवत नाही म्हणून टेक्सासला परत गेल्या. तिथून फोनवर सल्ला देत राहिल्या, २००४ च्या निवडणुकीत परत प्रचारात होत्या, २००५ मध्ये परत सरकारात. बुश यांनी जाऊ दिलं, परत आल्यावर घेतलं, आभाळ कोसळलं नाही.

आमच्याकडे सोडून जायची सोयच नाही. पीए सोडून गेला म्हणजे तो समोरच्या पार्टीत गेला असंच धरतात, कारण त्याला सगळं माहिती असतं. तुमची भीती मला कळते हो. तुमची आजारपणं, तुमची भांडणं, कुणाचं पाकीट कुठून आलं, सगळं त्याच्या पोटात. पण म्हणून त्याला घरच्या दुःखात डांबून ठेवणं हा उपाय आहे का? उलट चिडलेला, झोप नसलेला, बायकोशी बोलणं तुटलेला माणूसच कधीतरी कुणाजवळ तरी बोलून जातो. ब्रिटनमध्ये मंत्र्यांच्या स्पेशल ॲडव्हायझरची नेमणूकच अशी असते की मंत्र्याची खुर्ची गेली की याची नोकरी आपोआप संपते. तुमचाही पीए बहुतेक तसाच लटकलेला आहे, फक्त त्याच्याकडे कागद नाही. त्याची नोकरी तुमच्या खुर्चीपुरती आणि त्याची निष्ठा मात्र जन्मभराची, हा हिशोब एकदा शांतपणे मांडून बघा.

मागायचंय ते फार नाही. दुसरा माणूस तयार करा, खराखुरा, शिपाई किंवा भाच्याला बसवून नाही, आणि महिन्यातून एखादा दिवस पीएला मुद्दाम सुट्टी देऊन त्या दुसऱ्यावर ऑफिस चालवून बघा, काय काय अडतं ते दिसेल आणि ते लिहून काढा. पीएच्या घरचं प्रकरण ऑफिसात आलं तर त्याने न मागता त्याला त्यातून बाहेर ठेवा, आणि हे आधीच सगळ्यांसमोर सांगून ठेवा म्हणजे तेव्हा कुणाला वेगळा अर्थ काढता येणार नाही. आजारपण असेल तर रजा द्या, पगारासकट, आणि रजेवर असताना "फक्त एवढंच विचारायचंय" असं म्हणत दिवसातून वीस फोन करू नका, करायला लावू नका. पैसे लागत असतील तर द्या, जरूर द्या, पण उसने असतील तर तसं लिहून द्या आणि मदत असेल तर ती परत कधी कुणासमोर काढू नका. त्याच्या नातेवाइकांसाठी फोन टाकू नका. तो रडला तरी टाकू नका, त्याची बहीण तुमच्या दारात आली तरी टाकू नका, चांगला वकील कोण ते सांगा, केस लढवायचा तिचा हक्क आहे, तुमच्या फोनवर नाही. आणि ड्रायव्हरकडून हेरगिरी बंद करा. आम्ही सगळे एकमेकांना सांगतो, तुम्हाला वाटतं तुम्हालाच कळतंय.

माझ्या बरोबरीच्या पीए मंडळींना पण जाता जाता एक सांगायचंय, कारण सगळा दोष साहेबांचा असं मी म्हणणार नाही. आपल्याशिवाय साहेबांचं पान हलत नाही हे आपल्याला आवडतं रे. ज्युनिअरला आपण काही शिकवत नाही, पासवर्ड देत नाही, मुद्दाम. मग आई हॉस्पिटलात असताना कुणी मोकळं करत नाही म्हणून रडायचं.

साहेब, तुम्ही या पत्राला उत्तर द्यायचं ठरवलंत तर आनंद आहे, पण ते स्वतः लिहा, पीएला ड्राफ्ट करायला सांगू नका. आणि आज त्याला लवकर घरी जायचं असेल तर कारण विचारू नका.

आपला,
एक पीए